कामरेजकडचा तीन कुबडांचा राक्षस

सुरतेला आलेले लोक डुमसचा समुद्र पाहून परत जातात. आम्ही नव्वदच्या दशकात एका सोमवारी राक्षस पाहायला गेलो, आणि तेही माझ्या मामेसासऱ्यांची लाज राखायला.

भिवसनमामा सुरतेतच गोडादऱ्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे; मीही त्याच कारखान्यात होतो. कामरेजपुढच्या एका लग्नाहून परतताना त्यांना तळ्यात तीन कुबडांचं पट्टेरी जनावर दिसलं, आणि ते त्यांनी कारखान्यात सांगून टाकलं. तिथेच माती खाल्ली. लूम अडला की कोणीतरी ओरडायचं, "मामा, राक्षस उना!" महिन्याभरात मामांनी वळकटी बांधली. "मन्हा डोयाघाई दखेल शे. एक जण तरी संगे चाला, नहीतं मी गाव जास," ते मला त्यांच्या अहिराणीत म्हणाले. धुळ्याकडे परत जाऊन खाणार काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सोमवारी कारखान्याला वीजबंदीची सुट्टी. स्टेशनवरून कामरेजची एसटी, तिकीट किरकोळ. पुढे छकड्यात, म्हणजे तिकडच्या तीनचाकी टमटममध्ये, कोंबून घ्यायची तयारी ठेवा. थंडीत गेलात तर वाटेत पोंक नक्की खा. तो आपला हुरडाच, पण शेव आणि लिंबू मारलेला. उसाच्या शेतांना रानडुकरं शिरू नयेत म्हणून सुरतेच्या टाकाऊ कापडाचं कुंपण होतं.

तळ्याकाठच्या चहावाल्याने चहाला उकळ्या येईपर्यंत आम्हाला घाबरवलं. "आखो पाडो गळी गयो, भाई!" गिळलेलं रेडकू कोणाचं, विचारलं तर शेजारच्या गावाचं. अशा गोष्टीतलं रेडकू नेहमी शेजारच्याच गावाचं असतं.

तेवढ्यात वारा सुटला आणि बाभळीजवळ पाणी फुगलं. एक कुबड, दोन, तीन. अंगावर काळे पट्टे. खोटं कशाला सांगू, मी मामांच्या मागे सरकलो. मामांनी हात जोडले. मग ते काठाला लागलं आणि मी जीव मुठीत धरून काठीने ओढलं.

कापडाचा तागा! कुंपणातून उडालेला, हवा भरून फुगलेला.

मी पोट धरून हसलो. "मामा, सुटलात! हेच नेऊन दाखवू." मामा मात्र कापडाची किनार चिमटीत धरून चोळत होते. विणकर ना, सवय जात नाही. त्यांनी शेवटचं टोक उलगडलं. तिथे पुसट शाईत लूमचा नंबर होता, बारा. बारा नंबर मामांचा. ते काळे पट्टे म्हणजे विणताना त्यांच्याच हातून राहिलेली खोट; म्हणूनच तो तागा टाकाऊ ठरून कुंपणाला गेला होता.

मामांचा चेहरा उतरला. मला हसल्याची लाज वाटली.

"येडा म्हनतीन तं चाली," ते हळूच म्हणाले. "पन हाई मन्हं इनकाम शे, हाई कोनले सांगू नको."

आम्ही दोघांनी राक्षसाला काठीने परत पाण्यात ढकललं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "पाहिला. तीन कुबडं." यात खोटं काय होतं? मामांची वळकटी सुटली.

पुढच्या सुट्ट्यांना बरेच जण जाऊन आले. त्या सहलीचं माझ्याकडे आता एवढंच उरलंय, की एकाने येऊन चार कुबडं सांगितली तेव्हा मामा लूम थांबवून त्याच्या अंगावर धावले होते.

"चार कशी? तीनच शेतस!"