कासवाची तेरा अंडी

खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. नदीतली कासवं वाचवायचं ठरलं, तेव्हा वनखात्याच्या मॅडमनी सगळ्या बायकांतून माझ्या धाकट्या जावेला पुढं केलं. म्हणे, हिच्या हाताला धीर आहे. अगं बाई! कोपरगावाजवळच्या या गोदाकाठावर मी सून होऊन आले, तेव्हा हिचे दुधाचे दातही पडले नव्हते. कासव वाळूत कुठं अंडी घालतं, ते मीच तर हिला दाखवलेलं.

गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर नदीपात्रातच आहे. पाण्यात मेलेलं, कुजलेलं जे काही असेल ते कासवं खातात, म्हणून पाणी साफ राहतं. वरून धरणाचं पाणी सोडायच्या आत अंडी उचलून आमच्या मळ्यात वाळूच्या कुंड्यांत ठेवायची होती. ते कसं करायचं हे शिकवायला मॅडम आल्या, तर जाऊ पुढच्या खुर्चीवर. मला कुणी बस म्हणालं नाही. 'चहा बघते' म्हणून मी आत गेले ती शिकवणं संपेपर्यंत बाहेर आलेच नाही.

पाणी सुटायच्या दिवशी सकाळी मला एकटीला अंडी सापडली. लिंबाएवढी, पांढरीशुभ्र, तेरा. जावेला सांगायचं सोडून मी ती पदरात घेतली आणि गोठ्यामागं वाळूच्या घमेल्यात पुरली. म्हटलं, माझी पिल्लं निघू देत, मग बघते हिचा धीर!

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवण्यात माझा हात धरणारी गावात कुणी नाही. कोंबडी अंडी रोज फिरवते, नाहीतर पिल्लू आत चिकटतं, हे मला पाठ. म्हणून मीही रोज हात धुऊन एकेक अंडं उलटं करायचे. लेकरासारखं जपलं हो!

एका सकाळी जावेच्या कुंड्यांतली वाळू हलली. इवली इवली पिल्लं! सगळं गाव लोटलं, मोबाईल निघाले. माझं घमेलं गप्पच. पंधरा दिवसांनी जाऊच गोठ्यामागं आली आणि तिनं एक अंडं उचलून बघितलं.

"आक्का, यावर पेन्सिलीची खूण कुठंय?"

"कसली खूण?"

"वरची बाजू वरच ऱ्हायला पायजे. कासवाचं अंडं फिरवलं की पिल्लू आतच मरतं. मॅडमनी पयल्याच दिवशी सांगितलं हुतं."

म्हणजे तेराच्या तेरा मीच मारली.

त्याच दुपारी, टबात जपलेली पिल्लं नदीत सोडायला मॅडम आल्या. जावेनं घमेलं पुढं आणून ठेवलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "माझ्याकडनं फिरवली गेली, मॅडम." सगळ्या बायकांदेखत ती बोलणी खात होती आणि मी चहाचा ट्रे धरून उभी. मॅडम शेवटी म्हणाल्या, "चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं." बायकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिल्लं हिची, कौतुक हिचं, आणि आता माझ्या चुकीचा मोठेपणाही हिलाच?

ट्रे खाली आदळून मी ओरडले, "ती तेरा मी मारली! हिनं न्हाई, मी!"

जावेनं टबातलं एक पिल्लू उचललं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. म्हणाली, "चला आक्का, पयलं तुमीच सोडा." माझे हात इतके कापत होते, की तिला खालून धरावे लागले.