वनस्पतिजन्य अण्णा

हृदयात स्टेंट बसवून घरी आलेल्या मधुमेही माणसाला भेटायला जाताना मी अर्धा किलो मैसूरपाक नेला. रिकाम्या हातानं जाऊ नये एवढं आईनं शिकवलं होतं. हातात काय असावं हे शिकवायचं राहून गेलं. आमच्या थोरल्या मेहुण्यांनी, म्हणजे बायकोच्या अण्णांनी, पलंगावरच पुडा उघडला, वास घेतला आणि म्हणाले, "भावजी, माझा विमा तुमच्या नावावर नाही." असा टोमणा मारणारा माणूस अख्ख्या बंगळुरात दुसरा नसेल, आणि प्रत्येक गोष्ट इतक्या टोकाला नेणाराही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, जेवण वनस्पतिजन्य ठेवा. साखर आणि कोलेस्टेरॉल उतरलं नाही तर पुढच्या तपासणीनंतर बायपास. बायपासला अण्णा मनातून फार घाबरत. पण "सात पिढ्या आम्ही शाकाहारी, हे हृदयाला कुणी सांगितलं नाही काय?" म्हणत त्यांनी आधी वकिली केली. ऊस वनस्पती, मैदा वनस्पती, बटाट्याचा बोंडा तर आतून-बाहेरून वनस्पती, आणि तळलाय तोही शेंगदाण्याच्या तेलात! या न्यायानं जे. पी. नगरातल्या उभ्यानं खायच्या एकाही हॉटेलावर त्यांनी अन्याय होऊ दिला नाही. मधेच केलेला रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "मी डाळी, कडधान्यं, पालेभाज्या म्हणालो होतो. बोंड्याचं झाड मी अजून पाहिलेलं नाही."

त्या दिवसापासून अण्णा पालटले, आणि आमचे हाल सुरू झाले. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या लेथच्या कारखान्यात दुपारच्या चहाबरोबरचा बोंडा बंद होऊन उकडलेले हरभरे आले. कामगार "सरी अण्णा, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत हरभरे खिशात टाकत आणि बोंडा खायला कोपऱ्यावर जात. गिऱ्हाईक सुट्या भागाचं माप घेऊन आलं, तर आधी पाइपात गंज कसा धरतो आणि माणसाच्या रक्तवाहिनीत तूप कसं, हे ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. माझ्या ताटावर तर पहाराच. माझीही साखर वाढलेली, आणि एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी दुसऱ्यांदा घेत होतो. अण्णा दारातूनच म्हणाले, "भावजी, उपवासाला देव पावेल, इन्सुलिन पावणार नाही. स्वल्प काकडी खा." एका लग्नाच्या पंगतीत वरणभातावर तूप आलं, तसे त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. आग्रहाला पेटलेल्या वाढप्यानं हातांवरच धार सोडली. तूप कोपरापर्यंत ओघळलं, पण अण्णा हलले नाहीत. "वाढ अजून," म्हणाले, "कोपराला बायपास करत नाहीत." मग उठून साबणानं हात धुऊन आले आणि घरून डब्यात आणलेली मटकीची उसळ शांतपणे खाऊ लागले. मी त्यांच्या शेजारी बसून तीनदा तूप घेतलं. मला लाज वाटली, पण तिसऱ्या वेळेनंतर.

पुढच्या तपासणीचा निकाल घेऊन ते थेट आमच्याकडे आले. आकडे उतरले होते. बायपास तूर्त टळली. पथ्य आणि गोळ्या मात्र कायमच्या. मी अभिनंदन केलं आणि टोमण्याची वाट पाहू लागलो, पण अण्णांचं लक्षच नव्हतं. आत बायकोनं नुकतंच लोणी कढवलं होतं. ते जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि डोळे मिटून श्वास घेत राहिले. तिनं तूप गाळून पातेल्याच्या तळाची खरपूस बेरी खरवडली, वर चिमूटभर साखर घातली आणि बशी पुढे केली.

"एक चमचा, अण्णा. आज तरी."

साठी उलटलेला तो माणूस बराच वेळ त्या बशीकडे पाहत होता. मग म्हणाला, "नको गं. वास घेतला, पुरे झालं." आणि चपला घालून जिना उतरून गेला.

बायको बशी घेऊन तशीच उभी होती. "लहानपणी बेरीसाठी त्यानं मला किती ढकललंय," ती म्हणाली. "एकदा तरी सगळी मला मिळू दे म्हणून रडायचे मी. आज मिळाली, तर खाववत नाही."