आत्यानं जपलेला राग

माझ्या आत्याला अपमान पाठ व्हायचे. स्वतःचे तर व्हायचेच, पण घरातल्या कुणाचाही, कुणीही केलेला अपमान तिला शब्दांसकट, आवाजासकट आणि हातवाऱ्यांसकट लक्षात राहायचा. आजोबांना दारातूनच परत पाठवणारा तो पटवारी मी जन्मात पाहिला नाही, पण तो कशी जांभई देत बोलला हे मला आजही करून दाखवता येईल, इतक्या वेळा आत्यानं ते करून दाखवलं होतं. "मार खाल्लेला विसरते मी," ती म्हणायची, "बोललेलं नाही विसरत."

कुसुमआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सासर खंडव्याचं. तिथून ती कायमची बुऱ्हानपूरला परत आली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. गच्चीला लागून असलेली खोली तिची झाली. जवळच्या एका खासगी शाळेत ती पहिली-दुसरीला शिकवायची. बी.एड. झालेलं नव्हतं म्हणून वरचे वर्ग तिला कधी मिळाले नाहीत. पोरं मात्र तिच्यावर जीव टाकायची, कारण ती वाघापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या नकला करायची.

इंजिनिअरिंग संपवून मी एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला बसले आणि आपटले. त्याच आठवड्यात बहादरपूरला मोठ्या मामांकडे वास्तुशांत होती. मामांचा केळीचा व्यापार, घर रस्त्यावरून नजरेत भरेल असं बांधलेलं. पंगतीत मी पोळ्या वाढत होते. मामांनी घसा खाकरला, खांद्यावरच्या गमछ्यानं ओठ टिपले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेपर तर निघाला नाही बेटा, आता पोळ्या तरी गोल निघू दे." पंगत हसली. बाबाही हसले. मला मामांपेक्षा त्यांचं हसणं जास्त लागलं. आत्या तेवढी हसली नाही. तिचा घास हातातच राहिला होता आणि ती मामांकडे टक लावून बघत होती, काहीतरी शिकत असल्यासारखी.

घरी आल्यावर मी खोलीत जाऊन रडले. आत्या आली, पण तिनं पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. म्हणाली, "रडून घालवू नको. ठेव ते. आता तुला कारण मिळालं."

पुन्हा अभ्यास सुरू केला. गल्लीत सकाळपासून यंत्रमागांची खडखड, तिची मला सवयच होती. नडायचा तो मोबाइल. मन लागेना की मी जोश चढवणारे व्हिडिओ बघत बसायची. कुणीतरी सुटाबुटातला माणूस ओरडून सांगायचा, तू करू शकतोस. आत्यानं एकदा मागं उभं राहून तो पूर्ण पाहिला. "हा तुला ओळखतो का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. "मग याला काय पडलंय तुझं? मामा ओळखतात तुला. त्यांचं ऐक."

आणि तेव्हापासून ती मला मामांचं ऐकवायला लागली. मी गादीवर लोळत असले की दारातून घसा खाकरल्याचा आवाज यायचा. बघावं तर आत्या खांद्यावर टॉवेल टाकून, पोट पुढं काढून उभी. ओठ टिपायची आणि तेच वाक्य, त्याच हेलात. पंगतीचं हसणंसुद्धा करायची, त्यात बाबांचं वेगळं ओळखू यायचं. पहिल्या पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मग पाणी येईनासं झालं, कानशिलं तापायला लागली. मी उठून वही ओढायची आणि गणितं अशी सोडवायची जशी मामांच्या तोंडावर फेकते आहे. आईला हे सहन व्हायचं नाही. "कुसुमताई, पुरे करा आता. माझा भाऊ आहे तो." आत्या शांतपणे टॉवेल घडी करायची. "भाऊ तुमचाच आहे वहिनी. पोरीचा पेपर निघाला की मी त्यांना हातही लावणार नाही."

मी मनात तो दिवस कितीतरी वेळा जगून घेतला होता. मामांच्या घरी भरलेली बैठक, मी पेढे घेऊन आत जाते, आणि एक वाक्य बोलते. वाक्य तयार होतं. आंघोळीला गेले की मी ते घासून पुसून ठेवायची.

पण राग आयुष्यभर पुरेल असं वाटतं आणि तो पुरत नाही. थंडी पडली तसे माझे सराव परीक्षांचे गुण घसरले. मैत्रिणींची लग्नं ठरली, कुणाला पुण्यात नोकरी लागली. एकदा आत्या दारात खाकरली आणि मला चक्क हसू आलं. नक्कल शिळी झाली होती. आत्याचा चेहरा पडला. टॉवेल खांद्यावरून काढून ती निघून गेली. नंतर मी आईला सांगूनही टाकलं की यंदा फॉर्म भरलाय म्हणून बसेन, पण माझ्यात आता काही उरलेलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईबाबा एका लग्नाला खकनारला गेले होते. मी गच्चीवर उन्हात पुस्तक उघडं टाकून बसले होते. खाली फाटक वाजलं, बोलणं ऐकू आलं. मी उतरेपर्यंत माणूस गेला होता आणि आत्या मोरीत कप विसळत होती.

"कोण होतं?"

"तुझे मामा."

"कशाला?"

तिनं पदराला हात पुसले. "विचारून राहिले होते, पोरीचं भूत उतरलं का. एक स्थळ आणलं होतं. मुलाचं खताचं दुकान आहे. म्हणाले, दुसऱ्यांदा आपटायची वाट कशाला बघता."

हे सांगताना तिनं मामांचा आवाज काढला नाही, गमछा नाही, काही नाही. म्हणूनच मला ते अगदी खरं वाटलं. मी गच्चीवर परत गेले आणि परीक्षेपर्यंत खाली आले ते जेवायला आणि झोपायला.

परीक्षेला इंदूरला आत्याच माझ्याबरोबर आली. केंद्राबाहेर आयाबाया मुलांच्या तोंडात दही-साखर घालत होत्या. आत्यानं माझा हात घट्ट धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, "वास्तुशांत आठव." मी आठवली.

पेपर निघाला. चांगलाच निघाला, मोठ्या संस्थेत जागा मिळाली. बाबांनी गल्लीभर मावा जिलेबी वाटली. मला गल्लीशी काही देणंघेणं नव्हतं. मामांकडे सत्यनारायण आहे कळलं तशी मी दराब्याचा, आमच्याकडच्या रव्या-तुपाच्या मिठाईचा, डबा घेतला आणि एकटीच बहादरपूरला गेले. बैठक भरलेली होती, मनात पाहिली होती तशीच. मामांच्या पाया पडले, डबा पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, पोळ्या अजून वाकड्याच निघतात. पेपर मात्र निघाला."

खरं सांगते, बरं वाटलं. क्षणभर अगदी पोटभर बरं वाटलं.

कुणी हसलं नाही. मामांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बोल बेटा, तुझा हक्क आहे," ते म्हणाले. "पण मी थंडीतच आलो होतो तुझ्या घरी. आमचा प्रशांत इंदूरहून क्लास सोडून परत आला, खोलीबाहेर पडेना. तेव्हा समजलं मी काय बोललो होतो ते. तुझी माफी मागायला आलो होतो. कुसुमताईंनी सांगितलं नाही?" प्रशांत, त्यांचा मुलगा, तिथंच प्रसादाचे द्रोण घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि पुढच्या माणसाला द्रोण दिला.

घरी आले तेव्हा आत्या मेथी निवडत होती. मी दारातूनच विचारलं, "मामा माफी मागायला आले होते?"

"हो."

"आणि ते स्थळ?"

"स्थळ नव्हतं. मिठाई आणली होती, ती मी शाळेत वाटून टाकली. म्हटलं, निकालानंतर या."

"खोटं का बोललीस?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "तू हसायला लागली होतीस. त्यात ते रडत आले. तू त्याच दिवशी माफ केलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटलं असतं."

"तुला काय माहीत?"

"मलाच माहीत," ती म्हणाली. आणि मग मला ती गोष्ट कळली, जी तिनं कधी नक्कल करून दाखवली नव्हती. खंडव्याला चारचौघांत तिचा नवरा म्हणाला होता, हिला घर सांभाळता येत नाही, ही वर्ग काय सांभाळणार. ती माहेरी आली होती. पावसाळाभर संतापून बी.एड.च्या प्रवेशाचा अभ्यास केला. परीक्षा तोंडावर आली आणि नवरा आला, तिच्या पुढ्यात बसून रडला. तिनं माफ केलं आणि सासरी गेली. "थोडे दिवस चांगले गेले," ती म्हणाली. "पुस्तकं मात्र परत उघडलीच नाहीत. नंतर तो पुन्हा तसाच वागायला लागला, तेव्हा राग तेवढा परत आला. अभ्यास नाही आला."

मी म्हटलं, "तू मला तिथं सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस."

"हो, पाडलं. माफी नाही मागणार," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

हॉस्टेलवर पहिलं सेमिस्टर मला फार जड गेलं. एके दिवशी आत्याचा फोन आला. आवाजावरून तिला कळलं असावं. "तिथं कोणी काही बोललं का तुला?" तिनं मोठ्या आशेनं विचारलं.

"नाही गं. सगळे चांगले आहेत."

"सर?"

"तेही चांगले आहेत."

ती म्हणाली, "मग माझ्यावर राग धर. मी खोटं बोलले तुझ्याशी. तेवढ्यावर एखादं सेमिस्टर निघेल." मला हसू फुटलं. "हसू नको," ती म्हणाली. "नीट धर." मी प्रयत्न केला, जमलं नाही. ते सेमिस्टर मी कसंबसं, रागावाचून ओढलं.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी आत्या गेली. साधा ताप म्हणून तिनं अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. माझी परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा बाबांचा फोन आला. ती आठवडाभर आजारी होती आणि मला कळवायचं नाही असं तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. रोज रात्री जेवण झाल्यावर मी घरी फोन करायची, आणि आईच्या मागून तिचा आवाज यायचा, "मी मजेत आहे म्हणावं." तो आवाज काढताना तिच्या अंगात ताप होता.

माझा प्रबंध मी त्या रागात लिहून पूर्ण केला. बाबा म्हणतात, आता सोड, गेलेल्या माणसावर कसला राग धरायचा.

मी सोडलेला नाही.