कोणाकडे राहिलं?

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वडिलांनी हत्यारांच्या आकृत्या काढल्या होत्या, हिरव्या ऑइलपेंटनं. पान्हा, पक्कड, लहानमोठे पेचकस, आणि प्रत्येक आकृतीच्या डोक्यावर एक खिळा. हत्यार जागेवर असलं की आकृती झाकलेली. नसलं की ती हिरवी आकृती येताजाता डोळ्यांत खुपायची. पुढे त्यांना चेवच आला, आणि उलथनं, झारा, किसणी यांचीही चित्रं भिंतीवर आली. आई नामपूरकडची. रागावली की तिची अहिराणी बाहेर पडायची. "घर शे का कारखाना शे?" ती विचारायची. वडील शांतपणे म्हणायचे, "दोन्ही."

वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. तिथे काम संपलं की हत्यारं मोजून परत ठेवायची. एक जरी कमी भरलं, तरी ते सापडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही. आत राहिलेला बोटभर पेचकस वर आकाशात माणसं मारतो, हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं.

"मग ज्यानं हरवलं त्याला काय करतात?" मी एकदा विचारलं.

"काय करायचंय? त्यानं येऊन सांगितलं ना! त्याला झापलं तर पुढच्या वेळी तो सांगेल का?"

म्हणून आमच्या घरात "कोणी हरवलं?" असा प्रश्न नव्हता. वडील विचारायचे, "कोणाकडे राहिलं?" एवढंच. जणू ती वस्तू कुणाच्या तरी हातात आहे, आणि ते माणूस आता हात पुढे करणार आहे.

मी सात वर्षांची असताना हे सगळं नीट कसाला लागलं. मावशीच्या लग्नासाठी आम्ही नामपूरला निघालो होतो. ट्रंक दारात, आईनं नवं लुगडं नेसलेलं. कुलूप लावण्याआधी वडिलांनी सवयीनं भिंतीकडे पाहिलं. लहान पेचकसाची आकृती रिकामी.

"कोणाकडे राहिला?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत." धादांत खोटं. आदल्या दिवशी घरामागच्या शेतात मी त्यानं उंदराचं बीळ उकरलं होतं.

वडील ट्रंकेवर बसले. "मग थांबू या."

"अहो, गाडी चुकेल! माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न आहे!" आईचा आवाज चढला. वडील ढिम्म हलले नाहीत. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मला राहवलं नाही. "माझ्याकडे राहिला," मी म्हटलं. आईचा हात वर गेला, आणि तो वडिलांनी वरच्या वर धरला. "सांगितलं तिनं. आता हात उचलायचा नाही." मग आम्ही तिघंही, नव्या कपड्यांनिशी, ढेकळांत पेचकस शोधत फिरलो. सापडला. दुपारच्या गाडीनं गेलो, हळद चुकली. आई कितीतरी दिवस वडिलांशी धड बोलत नव्हती, पण मला तिनं एका शब्दानं छळलं नाही.

लोक मला धीट म्हणतात. मी मुळीच धीट नाही, पालीलाही घाबरते. खरं सांगितल्यावर मार बसत नाही, एवढं माझ्या अंगात लहानपणी मुरलं, बस्स.

ते किती मुरलंय हे मला कळलं नर्सिंग शिकताना. ऐंशी साल उलटून गेलं होतं. पोटाचं ऑपरेशन चाललं होतं. टेबलावर खेड्यातली एक बाई, बाहेर बाकावर तिची दोन पोरं आजोबांना बिलगून बसलेली. रक्त टिपायच्या कापडी घड्यांना आम्ही मॉप म्हणायचो. दिलेला प्रत्येक मॉप फळ्यावर लिहायचा, आणि पोट शिवण्याआधी बादलीतले मोजून ताळा करायचा. ते काम माझं आणि माझ्या मैत्रिणीचं.

ताळा जमला. फळ्यावर दहा, बादलीत दहा. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी सुई मागितली.

आणि मला आठवलं. मध्ये एकदा घाईत सरांनी मॉप मागितला, तो मी दिला आणि लिहायची विसरले. म्हणजे बादलीत अकरा हवे होते. मैत्रिणीनं ते पाहिलं होतं. तिनं माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, गप्प बस म्हणून. चूक फक्त माझी, आणि ती कधीच कुणाला कळली नसती. माझ्या डोळ्यांसमोर ती हिरवी रिकामी आकृती आली.

"सर, एक मॉप आत राहिलाय. मी लिहिला नाही. चूक माझी."

सर जे काही बोलले ते मी इथे लिहीत नाही. माझी अक्कल निघाली, खानदान निघालं. पण त्यांनी हात आत घातला, आणि अकरावा मॉप बाहेर आला. बाई दहा दिवसांनी चालत घरी गेली. मला सरांनी महिनाभर थिएटरमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

मैत्रीण मात्र त्या दिवशी जेवली नाही. "मी असते तर बोलले नसते गं," ती म्हणाली. "आमच्याकडे लहानपणी कपबशी फुटली की मी तुकडे लपवायचे. सापडले की आई चिमटा तापवायची." तिनं दंडावरचा डाग दाखवला. माझ्यापेक्षा ती कितीतरी हुशार, पहिला नंबर तिचा ठरलेला. मला बोलता आलं आणि तिला येत नव्हतं, यात माझी काय मोठी कर्तबगारी होती?

त्या रविवारी तिला मी घरी आणलं. आम्ही तोवर जुनं घर सोडून इंदिरानगरला राहायला गेलो होतो. वडिलांनी आकृत्या नव्या भिंतीवरही काढल्याच होत्या. चहा घेताना तिच्या हातून कप निसटला आणि खळ्ळकन फुटला. आईच्या रुखवतातला कप. "अगं बाई!" आई ओरडली. मैत्रीण पांढरीफटक पडली. तिनं झटकन खाली वाकून काहीतरी मुठीत घेतलं आणि हात पदराखाली नेला.

वडील पेपर पसरून जमिनीवर बसले. "सगळे तुकडे गोळा करा. अनवाणी वावरतो आपण." ते एकेक तुकडा जोडून बघत होते. कप उभा राहिला, पण कानाची जागा रिकामी.

"कान दिसत नाही," ते म्हणाले. "कोणाकडे राहिला?"

मी पेपरावरचे तुकडे सारखे करत राहिले. मग मैत्रिणीनं हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. तळव्याला कापलं होतं, रक्त आलं होतं.

"माझ्याकडे, काका."

"शाब्बास," वडील म्हणाले. आई हळद आणायला उठली. जाताजाता तिनं मैत्रिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा ती पोर हमसून हमसून रडली.