पिवळं मशीन

आमचं हँगर जळालं, त्यानंतर आता उसाचा दुसरा हंगाम चालू आहे. हँगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं फार मोठं काहीतरी येतं. आमचं तसं नव्हतं. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या पुढं एका माळावर पत्र्याची उंच शेड, समोर मुरूम दाबून केलेली धावपट्टी, आणि आत दोन-दोन माणसं बसतील अशी तीन हलकी विमानं. एक अण्णांचं. अण्णा हवाई दलात मेकॅनिक होते, आता घरची शेती बघतात. दुसरं दातांच्या डॉक्टरबाईंचं. तिसरं माझ्या मित्राचं. त्याच्या घरी म्हशींचा गोठा, दुधाचा धंदा. सकाळचं दूध घालून आला की हा विमानाला लागायचा. चौथा मी. मला विमान नव्हतं. मी विमानं शिवायचो.

ही चेष्टा नाही. असल्या विमानाच्या पंखांवर पत्रा नसतो, ताणून बसवलेलं कापड असतं. ते कापड शिवणं माझं काम. मी मूळचा बुलढाण्याकडचा. शाळा सहावीत सुटली. अकोल्याला एका उस्तादाकडं गाड्यांची सीट कव्हरं शिकलो आणि कामामागं फिरत कोल्हापुरात येऊन पडलो. मित्र पहिल्यांदा जीपचं कव्हर शिवायला माझ्या दुकानात आला होता. टाका उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "पावणं, विमान शिवशील का?" मी म्हटलं, "कपडा आणा." तेव्हापासून मी त्यांच्यातला झालो, म्हणजे मला तसं वाटायचं. नाव मात्र पावणं, म्हणजे पाहुणा, तेच राहिलं.

या मित्राचे उपकार मी विसरलेलो नाही. ताप आला तर त्याची आई डबा पाठवायची, दिवाळीला गावी जाता आलं नाही तर त्यांच्याच घरी अंघोळ. पण माझा स्वभावच असा, की कुणी चांगलं वागलं की मला काळजी लागते. हे किती दिवस चालेल? उद्या दुसरा शिवणारा मिळाला तर? म्हणून मी कधी काही मागितलं नाही, कधी कुणाचं बोलणं खोडलं नाही.

मशीनचंही तेच झालं. जाड कापडाचं ते लोखंडी मशीन मी निघताना उस्तादानं मला दिलं होतं. मशीनचं वरचं डोकं मांडीवर घेऊन मी अकोल्याहून एसटीनं आलो होतो, पाय पार बधिर झाले होते. पंखाचं कापड दुकानात मावत नाही म्हणून मी मशीन शेडमध्ये नेऊन ठेवलं. मित्राच्या विमानाला पिवळा रंग दिला तेव्हा थोडा उरला. त्यानं तो मशीनला फासला. "बघ गा, आता आपलं मशीन बी विमान झालं." सगळे हसले. मीही हसलो, मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून ते "आपलं मशीन" झालं. आपलं म्हणणारी माणसं मिळाली होती, तिथं माझं-माझं कोण करत बसणार?

आग बाहेरून आली. शेजारच्या शेतकऱ्यानं ऊस गेल्यावर राहिलेल्या वाळल्या पानांचं पाचट पेटवलं होतं. दरवर्षी पेटवतो, आम्हाला सांगूनच पेटवतो. पण दुपारी वारं फिरलं आणि जळतं पाचट उडत येऊन शेडच्या मागच्या बाजूला पडलं. तिथं कापडाचे गठ्ठे होते, रंग होता. डोळ्यादेखत शेडची मागची बाजू पेटली.

"आधी दारातली दोन काढा!" अण्णा ओरडले. अण्णांचं आणि डॉक्टरबाईंचं विमान दाराशी होतं. आम्ही सगळ्यांनी ढकलून ती बाहेर काढली. मित्राचं मागं होतं, आणि त्याचे पंख उतरवून मीच लाकडी घोड्यांवर ठेवले होते, नवं कापड चढवायला. चाकंही काढलेली. पंख आणि चाकं नसलेलं विमान ढकलणार कसं? मित्र आत धावला तर अण्णांनी त्याला कमरेला धरून मागं ओढलं. मीही दोन पावलं आत गेलो होतो. मशीन त्या पंखांशेजारीच होतं. मला कुणी ओढलं नाही. धूर छातीत गेला तसा माझा मीच मागं आलो.

शेतकरी ट्रॅक्टरनं पाण्याची टाकी घेऊन आला, मग बंब आला, पण तोवर पत्रे वाकून खाली बसले होते. मित्र मातीत बसला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, डॉक्टरबाईंनी त्याचं डोकं थोपटलं, शेतकरी तर त्याच्या पायाच पडला. मी राखेत गेलो. मशीन तापलेलं असताना पाणी पडलं, ते मधोमध तडकलं होतं. पिवळं काही उरलं नव्हतं.

"पावणं, तिथं नगं जाऊस, पाय भाजतील," अण्णा लांबून म्हणाले. बस, एवढंच.

इकडं माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, भावकीतून पिठलं-भाकरी येते. मित्राच्या घरी तसंच सुरू झालं. विमानाचं सुतक! पहिला डबा डॉक्टरबाईंनी नेला, मग अण्णांच्या घरचा, मग त्या शेतकऱ्याच्या घरचा. अण्णांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी मोकळा होतो. मोकळा का होतो, हे कुणी विचारलं नाही.

डबा सायकलला अडकवून जाताना मला त्याचा हेवा वाटायचा. ज्याचं सगळं जळालं त्याचा! त्याच्या दारात चपला मावत नव्हत्या. तो जेवला का, झोपला का, याची गावभर चौकशी. मी रात्री खोलीवर येऊन भात टाकायचो आणि मनात म्हणायचो, याच्या दुःखाला केवढी माणसं आहेत. दुकानात हातमशीनवर छोटी कामं करत होतो, जाड काम परत पाठवत होतो. माझ्या दुःखाला मूठभरसुद्धा माणसं नव्हती.

मग एका रविवारी सगळे मित्राच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, जमले. त्याची आई, तिला मी काकी म्हणतो, चहा देत होती. अण्णा म्हणाले, "माझं जुनं इंजिन पडलंय, ते घे." डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाकावरचा फिरता पंखा माझ्याकडं जादा आहे, चाकंही देते." शेतकरी म्हणाला, "शेड मी उभी करून देतो, व्हय म्हणा फक्त." मित्राचे डोळे भरले. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"आनि कापड पावणं शिवतील," अण्णा म्हणाले.

"कशावर?" मी म्हटलं.

"घेऊ की आपण दुसरं मशीन, सेकंडहँड. हे आपलं आधीचं लई जुनं झालंतं."

घाबरलो की माझ्या तोंडात गावची बोली येते. "ते आपलं नव्हतं अण्णा," मी म्हटलं. "ते मशीन माहं होतं. म्या अकोल्याहून आणलं होतं."

आता उठून जा म्हणतील, असं मला वाटलं.

मित्र उठून माझ्यासमोर आला. "तुजं हुतं? आनि इतके दिवस मला डबा आणून देत हुतास व्हय रं?"

"तुमी विचारलं न्हाई."

"विचारलं न्हाई म्हनं! तोंड न्हाय तुला?"

"त्याला कशाला वरडतोस?" काकी म्हणाली. "तूच तर रंग फासलास की त्येला. पोराचं प्वाट हुतं त्यात."

आणि मग सगळे माझ्यावरच तुटून पडले. कुठल्या बनावटीचं होतं? सुई कुठली लागते? अण्णा म्हणाले सांगलीला एक जण असली मशीनं जुळवून देतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, मोटरचंच घ्या, पायाचं कशाला. शेतकरी म्हणाला, त्याच्या मेव्हण्याचं मोटरचं दोनदा बिघडलंय. यावरून दोघांची जुंपली. मित्र मध्ये काहीतरी सांगायला गेला, त्याच्या इंजिनाबद्दल.

"तू जरा गप गा," अण्णा म्हणाले. "आज ह्येचं चाललंय."

मित्र खांबाला टेकून गप्प बसला. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. त्याचं विमान गेलं होतं, ते मला ठाऊक होतं, त्याच्याबद्दल मला वाईटही वाटत होतं. तरी मी विषय बदलला नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "जुन्याचा टाका किती जाड बसायचा?" मी सोप्यात मधोमध सरकून बसलो आणि सगळं सावकाश, पहिल्यापासून सांगायला लागलो.