शिडी वर ओढलेला बुरूज

डोळा लागतोय हे मला कळतंय, म्हणजे अजून पुरता लागलेला नाही. पाठीला बुरुजाचा दगड आहे. पलीकडची बाजू उन्हाने तापली आहे, माझ्या बाजूला सावली, म्हणून नुसता कोमट. समोर ऑलिव्हची झाडं. वारा आला की त्यांची पानं उलटी होतात, सगळं रान क्षणभर रुपेरी दिसतं आणि परत मिटतं. कसलेसे किडे भरदुपारी किरकिरतायत. मेधा, माझी मुलगी, आणि तिची सासू आसुंताबाई थोड्या अंतरावर चादरीवर बसून जेवणाची भांडी आवरतायत. त्या इटालियनमध्ये बोलतायत. मला त्यातलं काही कळत नाही, आणि न कळणारं बोलणं झोपेला फार बरं.

एरवी दुपारी मी झोपत नाही. आमचे हे, विश्राम, गेल्या श्रावणात जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून दुपार झाली की मी उभ्याने काही ना काही करत राहते. जेवण तरी कसलं, दोन घास. म्हणूनच मेधाने मला इथे आणलं, तिच्या सासरच्या गावी, इटलीच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर. तिला सहावा महिना आहे. बाळंतपणापर्यंत राहा म्हणते. काल मी नाही म्हटलं. ती उठून आत गेली. तिला कसं सांगू की मला घरीही जायचं नाही. मला कुठेच राहायचं नाही.

आज तिने मला जावयाच्या शेतावर आणलं, हा बुरूज दाखवायला. जुन्या काळी समुद्रातून चाचे यायचे, माणसं पकडून न्यायचे. म्हणून इथल्या शेताशेतांत असे बुरूज आहेत. एकावर धूर केला की पुढच्यावर दिसायचा. माणसं शेळ्यामेंढ्या घेऊन आत शिरायची. दार खाली नसायचंच. ते दोन माणसं उंच, भिंतीत, शिडी लावून चढायचं आणि सगळे आत आले की शिडी वर ओढून घ्यायची. मेधा हे सांगत होती तेव्हा मी मान वर करून त्या दाराकडे बघत होते. आता खिंडारच उरलंय, काळं.

मेधाचा आवाज लांब जातो. मी पाठीच्या दगडाला हात लावते तर हाताला चुना लागतो.

“काय गो, डबा आणलास?”

मी वर बघते. हे दारात बसलेत, पाय बाहेर सोडून. अंगात खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. हे दीपगृहात नोकरीला होते. टेकडीवरच्या त्या बत्तीचा गोल जिना मला कधी चढवला नाही, अर्ध्यातच गरगरायचं. मग मी खाली उभी राहून हाक मारायची आणि हे वरून दोराने टोपली सोडायचे.

टोपली येतेच आहे. माझ्या हातात डबा आहे, गरम आहे. मी तो टोपलीत ठेवते.

“काय आहे आज?”

“कुळथाची पिठी आणि भात.”

“आणि तळलेलं?”

“वादळ आहे. होड्या गेल्याच नाहीत.”

वादळ खरंच आहे. ऑलिव्हच्या झाडांमागे समुद्र चढलाय, लाटा झाडांच्या बुंध्यांना लागतायत, पण आवाज नाही. आमच्या क्वार्टरच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेले कपडे हलतायत. मेधाचे शाळेचे मोजे आहेत त्यांत. मला ते काढायला हवेत, पण मी जात नाही. मी बघत राहते. हे डबा उघडून वास घेतात, तसाच, डोळे मिटून.

“आत कोण कोण आहे?” मी विचारते.

हे मागे वळून बघतात. “बरीच माणसं आहेत. एक म्हातारा आहे, शेळी घेऊन बसलाय. आईने ती शेळी दोहायला घेतलीय.”

“तुमच्या आईने?”

“हं. विचारते, कुंदा अजून पिठीत मीठ कमीच घालते का.”

मला हसू येतं. माझंच हसू मला ऐकू येतं, किती दिवसांनी.

मग मी घरात आहे. आमच्या पडवीत, खाटेशी बसलेय. हे कुशीवर आडवे आहेत, तीच निळी चादर, बाहेर श्रावणातलं ऊन-पाऊस. हे डोळे उघडून माझ्याकडे बघतायत. भिंतीत मात्र तेच खिंडार आहे आणि त्यातून ऑलिव्हची झाडं दिसतात.

“दुखलं का हो?” मी विचारते. एवढंच मला वर्षभर विचारायचं होतं. कुणाला विचारणार?

“नाही गो.” हे जरा आठवून सांगतात. “चादरीची घडी कानाखाली टोचत होती. ती सरळ करू, करू म्हणत होतो. तेवढ्यात झालं.”

“घडी टोचत होती?”

“एवढंच. खरंच.”

मी हात पुढे करून ती घडी सरळ करते. हाताखाली दगड आहे. हे परत वर, दारात. डबा संपलेला आहे आणि रिकामी टोपली मधेच लोंबकळतेय.

“मला घ्या ना वर,” मी म्हणते.

हे डब्याचं झाकण लावतात.

“शिडी टाका.”

“ती आत ओढून घेतलीय.”

“मग टोपलीतून ओढा. मी जड नाही आता.”

“दिसतंय मला. मनगटं बघ कशी झालीत.” हे दोर हातावर गुंडाळायला लागतात, सावकाश, एकेक वेटोळं. “म्हणून तर दोर सोडत नाही. सहज येशील वर.”

“आले तर काय बिघडेल?”

“खाली मेधा आहे.”

“तिला तिची सासू आहे.”

“आहे. बाई चांगली आहे. पण डिंकाच्या लाडवांत ऑलिव्हचं तेल घालील.”

मी रागाने बघते. या माणसाने सगळं आयुष्य असंच केलं. मी रडकुंडीला आले की असं काहीतरी बोलायचं.

“तुम्ही एकटेच वर बसणार,” मी म्हणते, “आणि मी खाली उभी. जन्मभर तेच केलं.”

“जन्मभर तूच खाली होतीस म्हणून मी वर बसू शकलो गो.” मग आवाज खाली आणून म्हणतात, “मी कुठे जात नाही. इथून सगळं शेत दिसतं. तू चुलीशी बसलीस तरी दिसशील.”

समुद्र आता ओसरलाय. झाडांखालची माती लाल आहे, आमच्याकडे असते तशीच. हे दारातून बाहेर वाकतात. उंबऱ्याजवळ, दगडांच्या फटीतून एक झुडूप लोंबतंय, पांढऱ्या फुलांचं, फुलांतून लांब जांभळे केसर बाहेर आलेले.

“हे बघ. वाघाटीच्या जातीतलं दिसतंय.”

“द्वादशीच्या भाजीला आणायचात. काट्यांनी हात ओरबाडून यायचे.”

“आणि तू हळद लावायचीस. शिव्या देत देत.”

“शिव्या नाही देत होते.”

“मान खाली कर,” हे म्हणतात.

मी करते. ते वरच आहेत, तरी त्यांचा हात माझ्यापर्यंत पोचतो. केसांत बोटं चाचपडतात. कधी जमलं नाही त्यांना फूल खोचणं, आजही वेळ लावतात. मी हलत नाही. वेळ लागू दे.

“ऊठ आता,” ते म्हणतात. “मेधा हाक मारतेय.”

मेधा हाक मारतेय. “आई. आई गं.” तिचा आवाज भेदरलेला आहे. ती पोट सांभाळत माझ्याजवळ गुडघ्यांवर बसलीय, माझा खांदा हलवतेय. दुपारी झोपलेल्या माणसाला बघून तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळतं.

“उठले गं,” मी म्हणते. “डोळा लागला होता.”

ती खाली बसते. बराच वेळ माझा हात सोडत नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवते. मग विचारते, “इथे डिंक मिळतो का?”

“कशाला?”

“लाडवांना. मिळत नसेल तर मागवून घे. वेळ आहे अजून.”

मेधा माझ्याकडे बघत राहते. तिचे डोळे भरून येतात. मला भूक लागलीय असं मी सांगते, तर ती घाईने आसुंताबाईंना काहीतरी सांगते आणि त्या पाव, टोमॅटो, चीज घेऊन येतात. मी पाव मोडून घेते. खाली वाकते तशा आसुंताबाई थांबतात. माझ्या अंबाड्याकडे बोट दाखवून एक शब्द बोलतात.

“आई,” मेधा म्हणते, “हे केपरचं फूल कुठून आलं?”

मी चाचपून बघते. फूल आहे. देठासकट, अंबाड्यात खोचलेलं, जरा तिरकं. हे गेल्यापासून मी केसांत फूल घातलेलं नाही. आम्ही तिघीही वर बघतो. पांढऱ्या फुलांचं ते झुडूप दाराच्या उंबऱ्याशी आहे, दोन माणसं उंच, खाली कुठेच नाही.

आसुंताबाई फूल काढायला हात पुढे करतात. मी त्यांचा हात धरते.

“राहू दे,” मी म्हणते. मराठीतच म्हणते, आणि त्यांना ते कळतं.