सुमीचा अंबाडा

नातीच्या लग्नात चारही करवल्यांचे अंबाडे सारखे हवेत, असं पोरींनी ठरवलं. धाकट्या सुमीचे केस टायफॉइडनं गळालेले. "सुमे, तुझा अंबाडा म्हणजे लिंबू!" सगळ्या हसल्या. सुमी उठून गेली.

माझ्या ट्रंकेत बायकोचं गंगावन आहे. फणीत निघालेले स्वतःचेच केस साठवून तिनं ते करवून घेतलेलं. माणूस राखेत जातं आणि गळालेले केस काळेभोर राहतात, हा कसला न्याय? पण मेलेल्या बाईचे केस मंगलकार्यात चालतील का, या धास्तीनं मी तासभर ट्रंकेवरच बसून राहिलो.

शेवटी नवरदेवाच्या आजीला विचारलं. "सवाष्ण गेल्यात त्या. बिनघोर लावा," ती म्हणाली.

अक्षता टाकताना मी नवरानवरीकडं बघितलंच नाही. सुमीच्या अंबाड्यावर नजर ठेवून होतो. तो सुटून कुणाच्या पायाखाली आला असता, तर मी भर मांडवात ओरडलो असतो.